खारे वारे, मतलई वारे

हेमांगीने डब्लिनहून तीन हॉटेलं पाठवलीत.
स्पेनचं बेट. आपण सगळे तिथंच भेटू, म्हणाली,
तुम्ही फक्त निवडा, पैशाकडे बघू नका.
सावद्यात सेहेचाळीस आहे.
कूलरच्या टाकीत तिसरी बादली ओतून
हे मोबाइल लांब धरून वाचतात:
'वर्षाचे तीनशे दिवस ऊन. हमखास.'
मग चष्म्यावरून माझ्याकडे बघतात.
उन्हाचे पैसे घेतात गं हे लोक.

पहिल्या हॉटेलच्या फोटोत
माणसं ओळीनं पसरलीत वाळूवर,
मी गच्चीवर बिबडे घालते तशी.
फक्त उलटवायला कोणी दिसत नाही.

दुसऱ्यात पोहायचा तलाव आहे, त्याला काठच नाही.
पाणी थेट समुद्रात उतरल्यासारखं.
हे अस्वस्थ.
मग जातं कुठं ते? खाली कोणाचं वावर आहे?
आपल्याकडे पाटाचं पाणी असं सुटलं
तर बांधावरचा कोर्टात जाईल.

एका रात्रीचे दोनशे वीस युरो.
छत्तीस वर्षं मालधक्क्यावर ह्यांनी
केळीच्या वाघिणी मोजून दिल्लीकडे लावल्या,
आकडा त्यांना नुसता आकडा दिसत नाही.
लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने गुणाकार.
एका झोपेत बारा क्विंटल माल, म्हणाले.
नाश्ता धरून.

तिसऱ्याखाली कुण्या बाईने तक्रार लिहिलीय:
'समुद्र नाहीच, बाल्कनीतून नुसती केळीची बाग. फार निराशा.'
हे उठून बसले.
केळी? तिथं?
दोन बोटांनी फोटो ताणला, अजून ताणला.
घड बघ. बसकी जात. वाऱ्याला आडवी भिंत घातलीय पठ्ठ्यांनी.
ठरलं, हेच.
आणि बागेकडची खोली चाळीस युरोने स्वस्त!

मी नाही म्हटलं.
लग्न होऊन आले त्या दिवसापासून
स्वयंपाकघराच्या खिडकीत केळी.
चहा ठेवताना केळी, पेपर तपासताना केळी,
सासूबाई गेल्या त्या पहाटे
पाणी तापवत उभी होते, समोर केळी.
चिकाचे डाग पडलेलं एक लुगडं अजून पेटीत आहे.
आता इतकं विमानात बसून जायचं,
पडदा सरकवायचा, आणि

पुढचं वाक्य जरा मोठ्यांदा झालं.
हे मोबाइल खाली ठेवून
कूलरची जाळी बघत राहिले.

मी भूगोल शिकवायचे.
तीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूचा समुद्र,
पांढऱ्या खडूचे बाण.
दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, खारे वारे.
रात्री जमिनीकडून समुद्राकडे, मतलई वारे.
कारणे द्या. चार गुण.
वायकोळ्यांच्या योगिताने एकदा विचारलं होतं,
बाई, तो वारा जिभेला खारट लागतो का?
मी म्हटलं, ते पुस्तकात नाही. पुढचा धडा काढा.
समुद्र तसा पाहिलाय मी. एकदा.
सहलीबरोबर, त्रेसष्ट मुली मोजत.
वारा कुठून होता, लक्षात नाही.

हे कितीतरी वेळाने म्हणाले,
बाग मी सकाळी पायी जाऊन बघेन की.

तर तिसरं हॉटेल. खोली समुद्राकडची.
नावं टाकली, पासपोर्टाचे नंबर टाकले,
जन्मतारखेपाशी माझी शाळेतली आणि खरी
ह्यावरून थोडं थांबलो.
सगळ्यात खाली एक रिकामा चौकोन:
तुमची काही खास विनंती?
हे म्हणाले, लिही, बागेच्या मालकाशी ओळख करून द्या.
लिहिलं.
त्याखाली माझं मी लिहिलं.
खिडकी पूर्ण उघडणारी हवी.
आणि कृपया कळवावे,
संध्याकाळी तुमच्याकडे वारा
किती वाजता उलटतो.